अंगणातले मासे, खडीतली भाजी आणि रोजचा एक हंडा

शहापूर हा धरणांचा तालुका. तानसा धरण १८९२ साली पूर्ण झाले. त्यानंतर मोडकसागर आणि भातसा आली. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा हिस्सा याच भागातून जातो. तरीही एप्रिल-मे उजाडला की शहापूरच्या पाड्यापाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. शेजारच्या मुरबाडचीही तीच कथा. पावसाळ्यात माळशेजच्या बाजूने पाणी धो धो वाहून जाते आणि होळीनंतर विहिरींचा तळ दिसू लागतो.

अशा भागात कोणी अंगणात मासे पाळण्याचा विषय काढला की घरातून पहिला प्रश्न ठरलेला. आमच्या घरी तो अम्मीने विचारला, "माणसांना पाणी पुरत नाही, तू मासे कशाला पोसतोस?" प्रश्न अगदी रास्त आहे. पाण्याचा हंडा बहुतेक घरांत बायकांच्याच डोक्यावरून येतो. तेव्हा पाण्याचा हिशेब मांडल्याशिवाय अशा कामात हात घालू नये. या लेखात तो हिशेब मांडू आणि मग टाकी, पाइप, खडी यांची जोडणी पाहू. पाण्याचा वापर आणि माशांचा जीव, दोन्ही शेवटी त्या जोडणीवरच अवलंबून असतात.

मासे, जिवाणू आणि रोपे

माशांच्या पाण्यावर मातीविना भाजी वाढवण्याच्या या पद्धतीला ॲक्वापोनिक्स म्हणतात. नाव नवे असले तरी कल्पना आपल्याला परकी नाही. पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याचे मासे भाताच्या खाचरात चढतात. वलगणीचे मासे म्हणून ठाणे जिल्ह्यात ते सर्वांना ठाऊक आहेत. मासा आणि रोप एकाच पाण्यात राहू शकतात हे इथल्या शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिलेले आहे. चीनमध्ये भातखाचरात मासे पाळण्याची रीत शेकडो वर्षांची आहे. टाकी आणि पंप वापरून याला आजचे रूप देण्याचे मोठे काम १९८० पासून कॅरिबियन समुद्रातील व्हर्जिन बेटांच्या विद्यापीठात जेम्स राकोसी यांनी केले. आपल्या देशात केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यातील चेराई गावात सहकारी बँकेच्या पुढाकाराने घराघरांत अशा टाक्या बसवल्या गेल्या.

आपल्या मुलांच्या नववीच्या विज्ञानात नायट्रोजन चक्र आहे. तेच चक्र इथे अंगणात फिरते. मासे खाऊ खातात आणि त्यांच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो. अमोनिया माशांना विषारी असतो. खडीच्या पृष्ठभागावर राहणारे एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात आणि नायट्रेट हे रोपांचे खत आहे. रोपांनी ते शोषून घेतले की स्वच्छ झालेले पाणी पुन्हा माशांकडे जाते. म्हणजे मासे आणि रोपे यांच्या मध्ये न दिसणारा तिसरा जीव आहे. आधी त्याची सोय लावावी लागते.

पाण्याचा हिशेब

एका कुटुंबाला झेपेल अशा मांडणीत सुमारे साडेसहाशे लिटर पाणी लागते. हे पाणी एकदाच भरायचे असते. दहा फूट बाय दहा फूट पत्र्यावर ८० मिलीमीटर पाऊस पडला, तर थोडेफार वाया जाऊनही सहाशे लिटरच्या वर पाणी गोळा होते. आपल्याकडे जुलैच्या एक-दोन दिवसांत एवढा पाऊस सहज होतो. पहिल्या पावसाचे पाणी पत्रा धुऊन जाऊ द्यावे आणि नंतरचे पन्हळीतून टाकीत घ्यावे.

पुढचा खर्च रोजचा. बाष्पीभवन आणि रोपांनी शोषलेले पाणी मिळून एकूण पाण्याच्या एक ते तीन टक्के घट होते. साडेसहाशे लिटरवर हे साडेसहा ते वीस लिटर होतात. म्हणजे थंडीत अर्धा हंडा आणि उन्हाळ्यात एक हंडा किंवा थोडे अधिक. तेवढीच पालेभाजी मातीच्या वाफ्यात घेतली तर यापेक्षा कितीतरी जास्त पाणी जमिनीत मुरते.

तरीही ज्या घरात मे महिन्यात पाणी विकत घ्यावे लागते, तिथे हा एक हंडासुद्धा भार आहे. यावर उपाय वेळापत्रकाचा. जूनमध्ये पावसाच्या पाण्याने टाकी भरावी, जुलै अखेरीपर्यंत पाणी तयार करावे, ऑगस्टमध्ये मासे सोडावेत आणि मार्च-एप्रिलपर्यंत सगळे मासे खाऊन संपवावेत. टँकरच्या दिवसांत टाकीत मासे नसले की कोणाच्या तोंडचे पाणी काढून घेण्याचा प्रश्नच उरत नाही. टाकीतील उरलेले पाणी नारळ, शेवगा, अळू यांना द्यावे. ज्यांच्या विहिरीला बारा महिने पाणी आहे त्यांनी खुशाल वर्षभर चालवावे.

सामान

कारखान्यांत रसायने किंवा तेल आणण्यासाठी वापरतात ती लोखंडी जाळीतली पांढरी चौकोनी हजार लिटरची टाकी या कामाला सोयीची. औद्योगिक भागातील भंगारवाल्यांकडे ती मिळते. घेताना आधी तिच्यात काय होते हे लेबल वाचून खात्री करावी. खाद्यपदार्थाची टाकी असेल तरच घ्यावी. लेबल फाडलेले असेल किंवा उग्र वास येत असेल तर फुकट दिली तरी नको.

ही टाकी तळापासून सुमारे ७० सेंटीमीटर उंचीवर आडवी कापायची. खालचा भाग माशांची टाकी. वरचा सुमारे ३० सेंटीमीटरचा भाग उलटा केला की भाजीचा वाफा. पांढऱ्या प्लास्टिकमधून ऊन आत गेले तर पाणी शेवाळाने हिरवे होते. म्हणून बाहेरून गडद रंग लावून त्यावर पांढरा हात मारावा, किंवा गोणपाट गुंडाळावे.

वाफ्यात पाऊण इंची खडी भरायची. आपल्या खाणींचा काळा दगड यासाठी उत्तम. संगमरवराचे तुकडे किंवा चुनखडी नको, त्याने पाण्याचा सामू वाढतच राहतो. शंका असेल तर खडीवर थोडा सिरका टाकून पाहावा. फेस आला तर ती खडी परत करावी. खडी चुरी निघून पाणी नितळ दिसेपर्यंत धुवावी.

वजनाचा विचार आधी करा. एवढी खडी जवळजवळ पाचशे किलो भरते आणि पाणी धरून वाफा सहाशे किलोच्या वर जातो. तो लाकडी फळीवर किंवा नुसत्या माशांच्या टाकीच्या काठावर ठेवू नये. दोन्ही बाजूंना सिमेंटच्या ब्लॉकचे खांब आणि त्यांवर लोखंडी अँगल टाकावेत. गवंडी पाण्याच्या नळीने लेव्हल घेतो तशी लेव्हल घ्यावी. माशांना खाऊ घालायला आणि जाळी टाकायला टाकीचा एक भाग वाफ्याबाहेर उघडा राहील अशी रचना ठेवावी.

नळजोडणी

जोडणीचा नियम एकच : वीज जावो, पाइप तुंबो की सांधा सुटो, माशांच्या टाकीतले पाणी संपता कामा नये. पुढची प्रत्येक गोष्ट या नियमातून निघते.

पंप माशांच्या टाकीत असतो आणि पाणी वर वाफ्यात चढवतो. वाफ्यातून ते आपोआप खाली परतते. पंप तळाशी ठेवू नये, विटा रचून ३० सेंटीमीटर उंचीवर ठेवावा. वरचा पाइप निसटून पाणी अंगणात वाहू लागले, तरी पंपाच्या खाली फूटभर पाणी माशांसाठी शिल्लक राहते. तळाला बसणारा गाळ आठवड्यातून एकदा नळीने ओढून बादलीत काढावा. अळूला आणि केळीला तो उत्तम खत आहे.

वर जाणारा पाइप पाऊण इंची पुरतो. त्याचे तोंड खडीच्या वर मोकळे ठेवावे, पाण्यात बुडवू नये. नाहीतर पंप बंद झाल्यावर पाणी उलटे खेचले जाऊ शकते. परत येणारा पाइप मात्र मोठा, दीड इंची हवा. पाणी येण्याच्या वाटेपेक्षा जाण्याची वाट रुंद असली की वाफा ओसंडत नाही.

वाफ्याच्या तळाला टँक निपल बसवून त्यात एक उभा पाइप बसवायचा. त्याची उंची २५ सेंटीमीटर. पाणी त्याच्या तोंडापर्यंत चढले की वरून आत पडून खाली माशांकडे जाते. खडी ३० सेंटीमीटर असल्यामुळे वरचा पाच सेंटीमीटरचा थर कोरडाच राहतो. त्यामुळे शेवाळ धरत नाही आणि डासांना अंडी घालायला उघडे पाणी मिळत नाही. या उभ्या पाइपाला बुडाशी सहा मिलीमीटरची तीन छिद्रे पाडावीत. पंप चालू असताना पाणी भरते आणि बंद झाला की या छिद्रांतून हळूहळू उतरते. पाणी उतरताना खडीत हवा शिरते. मुळांना आणि जिवाणूंना ती लागतेच.

उभ्या पाइपाभोवती चार इंची पाइपाचा छिद्रे पाडलेला तुकडा उभा करावा, म्हणजे खडी आणि मुळे आत शिरत नाहीत. उभा पाइप सोल्युशनने चिकटवू नये. नुसता दाबून बसवावा. छिद्रे तुंबली की उपसून धुता येतो. सोल्युशन बाहेरच्या कायमच्या सांध्यांनाच लावावे आणि ते पूर्ण वाळल्याशिवाय पाणी सोडू नये.

पंपाला टायमर लावून तासातून पंधरा मिनिटे चालू, पंचेचाळीस मिनिटे बंद असे ठेवावे. टायमर नको असेल तर घंटी सायफन वापरतात. त्यात उभ्या पाइपावर मोठ्या पाइपाची टोपी घालतात. पाणी भरले की सायफन सुरू होऊन सगळे पाणी एकदम ओढले जाते, तळाशी हवा शिरली की थांबते. पाहायला गंमत वाटते. पण पाण्याची धार कमी पडली तर तो सुरूच होत नाही आणि जास्त झाली तर थांबत नाही. पहिल्या वर्षी टायमर बरा.

पंप बंद असताना वाफ्यातले शंभर-सव्वाशे लिटर पाणी खाली येते. तेवढी जागा माशांच्या टाकीत हवी. म्हणून पाणी भरताना आधी पंप बंद करून वाफा पूर्ण रिकामा होऊ द्यावा आणि मग काठाखाली चार बोटे जागा सोडून टाकी भरावी. काठाजवळ जाळी लावलेला एक ओसंडीचा पाइपही ठेवावा. आपल्याकडच्या पावसात उघडी टाकी एका रात्रीत भरून वाहते आणि पाण्याबरोबर मासेही अंगणात येतात.

पितळ, तांबे आणि जस्ताचा मुलामा असलेले जीआय पाइप या जोडणीत कुठेही नकोत. तांबे आणि जस्त माशांना घातक आहेत. बॉल व्हॉल्व्हसुद्धा प्लास्टिकचाच घ्यावा.

ताशी दोन हजार लिटरचा लहान पाणबुडी पंप घेतला तर वर चढवताना त्याचे पाणी साधारण निम्मे होते आणि आपले काम भागते. चाळीस वॉटचा पंप दिवसातून एकूण सहा तास आणि पाच वॉटचा हवेचा पंप चोवीस तास, असे धरले तर महिन्याला सुमारे अकरा युनिट वीज लागते. हवेचा पंप बॅटरीवर चालणारा घ्यावा. पावसाळ्यात लाइट गेली की पाणी काही तास थांबले तरी चालते, माशांची हवा थांबून चालत नाही. बॅटरीही संपली तर तांब्याने पाणी उंचावरून पुन्हा पुन्हा टाकीत ओतावे. तेवढ्याने मासे तगतात.

विजेच्या बोर्डाला ईएलसीबी लावून घ्यावा आणि वायर बोर्डापर्यंत सरळ न नेता मध्ये खाली झोका देऊन न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी बोर्डात शिरत नाही. पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढायचा, हा नियम घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावा. टाकीवर मजबूत जाळीचे झाकणही हवेच. मांजर आणि खंड्या यांच्यापासून माशांचे रक्षण होते, पण मुख्य म्हणजे लहान मूल टाकीत पडत नाही.

सहा आठवड्यांचा सब्र

पाणी फिरू लागले म्हणजे मासे सोडता येतात असे नाही. जिवाणूंची वस्ती तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. ग्रामपंचायतीच्या नळाचे पाणी असेल तर त्यात टीसीएल पावडरचा क्लोरीन असतो, म्हणून ते दोन दिवस उघडे ठेवून मग वापरावे. रोज चिमूटभर माशांचा खाऊ पाण्यात टाकावा. तो कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना अन्न मिळते. ओळखीच्या घरी जुनी, निरोगी माशांची टाकी असेल तर तिथली दोन मुठी खडी आणून टाकली की काम लवकर होते.

ॲक्वेरियमच्या दुकानात पाणी तपासण्याचे थेंबांचे किट मिळते. आठवड्यातून दोनदा तपासून वहीत नोंद करावी. आधी अमोनिया वाढतो, मग तो उतरून नायट्राइट वाढते, शेवटी दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागते. हे काम शाळकरी मुलांकडे द्यावे. पुस्तकातले चक्र त्यांना रंग बदलताना दिसते, आणि एकदा असे पाहिलेले ती विसरत नाहीत.

पावसाचे पाणी मृदू असते. त्यामुळे दिवसेंदिवस सामू खाली येतो आणि सहाच्या खाली गेला की जिवाणूंचे काम मंदावते. कालवांच्या शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत बांधून पाण्यात लटकवावा. सामू सात‌च्या आसपास राहिला की मासे, जिवाणू आणि रोपे तिघांनाही मानवतो.

मासे आणि भाजी

एवढ्या टाकीत पहिल्या वर्षी वीस माशांपेक्षा जास्त नकोत. रोहू आणि कटला तळ्यातले मासे, लहान टाकीत त्यांची वाढ खुंटते. टाकीसाठी जगभर तिलापिया वापरतात. आपल्याकडे बाजारात त्याला चिलापी म्हणतात. त्याच्या पालनाला सरकारी अटी आहेत, म्हणून बोटुकली घेण्यापूर्वी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करावी आणि अधिकृत केंद्रातूनच घ्यावी. थाई मागूर कोणी कितीही स्वस्त देऊ केला तरी घेऊ नये. त्याच्या पालनावर बंदी आहे. टाकीतला कोणताही मासा भातसा, काळू किंवा गावच्या ओढ्यात सोडू नये. बाहेरचा मासा नदीत शिरला की वलगणीला येणाऱ्या आपल्या स्थानिक माशांच्या जिवावर उठतो.

आणलेली पिशवी न उघडता वीस मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगू द्यावी, मग मासे हळूच सोडावेत. खाऊ तरंगणाऱ्या गोळ्यांचा द्यावा, पंधरा मिनिटांत संपेल इतकाच. उरलेला भात, रोटी, सालन टाकीत टाकू नये. ते कुजते आणि पाण्यातला प्राणवायू खाते. मासे मोठे झाल्यावर दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम खाऊ पुरतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शनानुसार एक चौरस मीटर पालेभाजीला दिवसाला ४० ते ५० ग्रॅम माशांचा खाऊ हे प्रमाण आहे. आपला वाफा एक चौरस मीटरपेक्षा थोडा मोठा, म्हणजे मासे आणि भाजी यांचा मेळ बसतो.

सुरुवात पालक, माठ, पुदिना, कोथिंबीर यांनी करावी. दोन-तीन महिन्यांनी मिरची, वांगी, टोमॅटो लावता येतात. मुळा, गाजर खडीत वाकडे होतात. पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर लोह कमी आहे असे समजावे. चिलेटेड लोह थोड्या प्रमाणात पाण्यात घालतात. कीटकनाशक मात्र कोणतेही नाही. भाजीवर फवारले की ते माशांच्या पाण्यातच उतरते. गावात डासांसाठी धुराची फवारणी होणार असेल त्या दिवशी टाकी झाकून ठेवावी. शेण, कोंबडीची विष्ठा, वुजूचे किंवा धुण्याचे पाणी यांतले काहीही टाकीत जाऊ देऊ नये. वुजूचे पाणी अळूच्या वाफ्याला द्यावे.

उन्हाळ्यात गरम पाण्यात प्राणवायू कमी टिकतो, म्हणून टाकीवर हिरवी शेडनेट हवी. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मासे कमी खातात, तेव्हा खाऊही कमी करावा. सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड उघडून श्वास घेताना दिसले तर खाऊ बंद करून हवा वाढवावी.

काय मिळते, काय मिळत नाही

सहा-आठ महिन्यांत मासा तीनशे ग्रॅमचा झाला तर वीस माशांचे सहा किलो होतात. जोडीला घरापुरती पालेभाजी आणि रमजानला इफ्तारीच्या चटणीपुरता पुदिना. एवढ्यावर घर चालत नाही. यातून महिन्याला हजारो रुपये मिळतील असे सांगून महागडे संच विकणारे भेटतात, त्यांच्याकडे आधी वर्षभराची खर्चाची वही मागावी. फायदा आहे तो ताज्या, फवारणी न केलेल्या भाजीचा, मुलांना रोज दिसणाऱ्या विज्ञानाचा आणि पाण्याचा थेंब पुन्हा पुन्हा वापरण्याच्या सवयीचा. मासा खायला जबहची अट नाही, त्यामुळे पाहुणा अचानक आला तरी घरातले कोणीही जाळीने दोन मासे काढू शकते.

काम घरातल्या कोणा एकाने ठरवून सुरू करू नये. हंडा कोण आणणार, खाऊ कोण घालणार, रात्री लाइट गेली तर कोण उठणार, हे आधी सर्वांनी बसून ठरवावे. जी पाणी आणते तिचे मत पहिले घ्यावे.

आणि मासे आणण्यापूर्वी एक परीक्षा जरूर घ्यावी. आठवडाभर नुसते पाणी फिरवावे. मग एका रात्री पंपाचा प्लग काढून, पाण्याच्या पातळीवर खडूने रेघ मारून झोपावे. वाफ्यातले पाणी उतरल्यामुळे सकाळी पाणी रेघेच्या वर आलेले दिसले पाहिजे आणि टाकीबाहेरची जमीन कोरडी असली पाहिजे. पाणी रेघेखाली गेले असेल तर गळती शोधून सांधा पुन्हा करावा आणि ही परीक्षा पुन्हा घ्यावी. सलग तीन रात्री जोडणी पास झाली की मग पाणी तयार करण्याचे ते चार ते सहा आठवडे मोजायला घ्यावेत आणि त्यानंतरच बोटुकलीची चौकशी करावी.